हाट आणि हट्ट : मयूर विहारच्या वास्तुरचनेतून दिसणारा उपभोगाचा इतिहास

१

संस्कृतात ‘हट्ट’ या शब्दाचा अर्थ बाजार असा आहे. आपला ‘हाट’ त्यातूनच आला. मराठीत मात्र ‘हट्ट’ म्हणजे मुलाने एखाद्या वस्तूसाठी धरलेली अडवणूक. या शब्दाचे मूळ ‘हठ’ हे आहे. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी. तरी ध्वनिसाम्यामुळे ते एकमेकांशेजारी येऊन बसले आहेत, आणि उपभोगाच्या इतिहासाकडे पाहणाऱ्याला हे शेजारपण अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही. हाटाला जावे लागते. तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी भरतो; तेथे दुसरी माणसे असतात, भाव करावा लागतो, वस्तू हाताळून पाहावी लागते, आणि पुष्कळदा हवी ती न मिळाल्यामुळे दुसरीच घेऊन परतावे लागते. हट्टाला यांपैकी काहीच मान्य नसते. त्याला वस्तू हवी असते आणि ती आत्ता हवी असते.

वास्तुरचनेचा इतिहास आपण सामान्यतः राजवाडे, देवळे, किल्ले आणि समाध्या यांच्या आधारे लिहितो. परंतु माणसाने बांधलेल्या बहुसंख्य इमारती साठवणे, विकणे, शिजवणे आणि खाणे या नित्याच्या क्रियांसाठी बांधलेल्या आहेत. इच्छा आणि तिची पूर्ती यांच्यामध्ये नेहमीच काही अंतर असते. ते कधी ऋतूंचे असते, कधी कोसांचे, तर कधी पैशांचे. या अंतराला आकार देण्याचे काम वास्तुरचना करीत आली आहे. कोठार, ओटा, पेठ, मंडई, वाण्याच्या दुकानाची फळी, मॉलची काच ही सर्व त्या अंतराचीच रूपे होत. गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या महानगरांत मोबाइलवरून मागवलेली वस्तू काही मिनिटांत दारात येऊ लागली आहे. मग त्या अंतराचे काय झाले? ते नाहीसे झाले, की केवळ आपल्या दृष्टीआड गेले?

या प्रश्नाचा विचार दिल्लीतील मयूर विहार या वसाहतीच्या संदर्भात करावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कारण उपभोगाच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक टप्प्याची खूण या परिसरात चालत जाऊन पाहता येते.

२

मयूर विहार हे नाव नवे असले, तरी ज्या भूमीवर ही वसाहत उभी आहे ती बाजाराला अनोळखी नाही. यमुनेच्या पूर्वतीरावरील या पट्ट्यात चिल्ला, कोटला, खिचडीपूर, घडोली, पटपडगंज अशी जुनी गावे होती. त्यांपैकी पटपडगंज हे दिल्लीच्या धान्यव्यापाराचे एक ठाणे होते. दुआबातून येणारे धान्य शहरात शिरण्यापूर्वी अशा ठिकाणी उतरत असे. ‘गंज’ हा फारसी शब्द. साठा, खजिना, धान्याचा बाजार असे त्याचे अर्थ. आपल्याकडील कडब्याची ‘गंजी’ त्याची आठवण करून देते. दिल्लीकर मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द पहाडगंजमुळे बसलेला आहे. नूतन मराठी विद्यालय तेथेच आहे.

पटपडगंजची ओळख मराठी वाचकाला आणखी एका कारणाने असावयास हवी. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकच्या इंग्रज फौजेने दौलतराव शिंदे यांच्या कवायती फौजेचा पराभव केला, तो याच गावाच्या परिसरात. शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्या दिवशी लुई बोर्क्वँ या फ्रेंच सेनानीकडे होते. इंग्रजांना दिल्लीची वाट मोकळी झाली आणि ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने उत्तरेतील मराठी सत्तेचा कणा मोडला. ज्या गावात शहराचे धान्य उतरत होते त्याच गावापाशी शहराच्या सत्तेचा निर्णय व्हावा, हा योगायोग असेल. पण तो बोलका आहे.

त्या काळातील घराची रचनाही साठ्याच्या कल्पनेवर उभी होती. आपला वाडा डोळ्यांसमोर आणावा. त्यात माजघराला लागून कोठीची खोली असे, भिंतीत बळद असे, कणग्या असत. गावात जमिनीखाली पेवे असत. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण आजही म्हणतो, तेव्हा त्या कोठारांची स्मृती भाषेत जागी असते. वर्षाचे धान्य, पावसाळ्याची बेगमी, उन्हाळ्यातले पापड-कुरडया या सर्वांना घरात जागा नेमून दिलेली होती. कुणब्याच्या घरात ती लहान आणि सावकाराच्या घरात मोठी, एवढाच भेद. ‘किराणा भरणे’ हा वाक्प्रचार त्या घराचा आहे. भरावयाचे तर आधी रिकामी जागा हवी.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती साठवण घरातील बायकांच्या श्रमावर उभी होती. निवडणे, पाखडणे, वाळवणे, उन्हात घालणे या कामांची मोजदाद कोणी केली नाही. वाड्याच्या ओट्यावर कोणी बसावे, कोणी खाली उभे राहावे आणि कोणाच्या हातात वस्तू वरून टाकावी, हे जातीने ठरवले होते. ओटा हे भेटीचे स्थान होते, तसेच ते अपमानाचेही स्थान होते. तथापि एक गोष्ट खरी की, वस्तू कोठून आली आणि कोणाच्या हातून आली, हे त्या रचनेत झाकता येत नव्हते.

३

स्वतंत्र भारताच्या राजधानीने उपभोगाचा विचार वेगळ्या रीतीने केला. १९५७ च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९६२ मध्ये दिल्लीचा पहिला बृहद् आराखडा अमलात आला. त्याच्या सिद्धतेत फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने आलेल्या अमेरिकी तज्ज्ञांचा वाटा होता आणि अल्बर्ट मायर हे त्यांचे प्रमुख होते. क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेली शेजार-घटकाची कल्पना या आराखड्यात उतरली. शाळा, बाग आणि रोजच्या वस्तूंचे दुकान घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर असावे, हे तिचे सूत्र.

पुढे १९९० मध्ये लागू झालेल्या दुसऱ्या आराखड्याने त्याचे कोष्टकच तयार केले. सुमारे पाच हजार वस्तीमागे रोजच्या गरजांच्या दुकानांचा एक समूह, पंधरा हजारांमागे स्थानिक बाजार, एक लाखामागे सामुदायिक केंद्र आणि पाच लाखांमागे जिल्हा केंद्र. या कोष्टकाकडे साहित्याच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे असे ते आहे. त्यात माणसाची गरज मोजता येते असे गृहीत धरले आहे. मीठ, दूध आणि वही यांसाठी किती पावले चालावीत, कापडासाठी किती, दागिन्यासाठी किती, याची एक श्रेणी त्यात आहे. इच्छा जितकी दुर्मीळ, तितकी तिची वाट लांब. हे एक नीतिशास्त्रच होते. ते फक्त चौरस मीटरांच्या भाषेत लिहिले गेले.

मयूर विहार या विचाराचे अपत्य होय. यमुनेपलीकडील गावांच्या जमिनी संपादन करून प्राधिकरणाने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून येथे वसाहत उभारली. तीन-चार मजली, जिन्याच्या इमारती, त्यांचे ‘पॉकेट’ नावाचे गट, मधे लहान बाग आणि कडेला आठ-दहा गाळ्यांची बाजारओळ, अशी ती रचना. ऐंशीच्या दशकात सहकारी गृहनिर्माण संस्थांना भूखंड मिळाले आणि व्यवसायबंधूंनी एकत्र येऊन इमारती बांधल्या. पत्रकारांची ‘समाचार’ आणि कलावंतांची ‘कला विहार’ ही त्यांतली परिचित नावे. कृष्णा सोबती आणि राजेंद्र यादव हे हिंदीतील दोन मोठे लेखक मयूर विहारात राहिले. शेजारच्या पटपडगंजमधील ‘सहविकास’ या संस्थेत निर्मल वर्मा राहत असत. पगारदार, पुस्तके बाळगणारा, हप्ते फेडणारा आणि पिशवी घेऊन बाजाराला जाणारा मध्यमवर्ग ही या वसाहतीची मूळ वस्ती.

या काळातील उपभोगाची सर्वांत अर्थपूर्ण इमारत कोणती, असे विचारल्यास मदर डेअरीचे दूधकेंद्र असे उत्तर द्यावे लागेल. दुग्धमहापूर योजनेखाली १९७४ मध्ये पटपडगंज येथे मदर डेअरीचा प्रकल्प सुरू झाला आणि दिल्लीच्या वसाहतींत तिची केंद्रे उभी राहिली. एक लहानशी पक्की खोली, आत शीतटाकी, बाहेर धातूची तोटी. नाणेवजा टोकन टाकावे, घरून आणलेले भांडे तोटीखाली धरावे, की मापून दूध मिळे. भांडे ज्याचे त्याचे, माप सर्वांना सारखे. सकाळ-संध्याकाळच्या त्या रांगेत सचिव आणि शिपाई एकापाठोपाठ एक उभे राहत. प्रजासत्ताकाने उपभोगाला दिलेले हे एक विनम्र आणि नेमके वास्तुरूप होते.

परंतु कोष्टकाच्या मर्यादाही याच भूमीवर उघड झाल्या. मयूर विहारला खेटून त्रिलोकपुरी आहे. आणीबाणीच्या काळात, १९७५-७६ मध्ये, शहरातील झोपड्या पाडून हलवलेल्या कुटुंबांना येथे सुमारे पंचवीस चौरस वारांचे तुकडे देण्यात आले. नोव्हेंबर १९८४ मधील शीखविरोधी हत्याकांडाने ही वस्ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. पंचवीस चौरस वारांत कोठी नसते, आणि रोजंदारीत महिन्याचा किराणा भरता येत नाही. तेथील माणसाची खरेदी दिवसाची असते; चहापत्तीची पुडी, पाव किलो पीठ, दोन रुपयांचे तेल. लहान प्रमाणात आणि पुन्हा पुन्हा घेण्याची ही सवय गरिबीने लावलेली होती. आज सधन घरे तीच सवय सोय म्हणून अंगीकारीत आहेत, हे पुढे लक्षात घ्यावे लागेल.

शिवाय माणसाची इच्छा गरजेच्या कोष्टकात मावत नाही. केरळातून आलेल्या कुटुंबांनी मयूर विहारात उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर उभारले. त्यांना नारळाचे तेल आणि उकडा तांदूळ हवा होता. मराठी कुटुंबे मे महिन्याच्या सुटीहून परतताना कोकम, मेतकूट आणि भाजणी ट्रंकेत घालून आणीत. त्या ट्रंकेचा उल्लेख कोणत्याही आराखड्यात नाही. आराखड्यात ज्यांना जागा नव्हती त्या फेरीवाल्यांनी आणि आठवडी बाजारांनी उरलेली पोकळी भरून काढली. बुध बाजार, शनि बाजार अशी नावे ऐकली, की पुण्याच्या बुधवार-शनिवार पेठा आठवतात. वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली यावी, भाजीवाल्याने तीत भाजी आणि सुटे पैसे ठेवावे आणि ती वर ओढली जावी, हे दृश्य या वसाहतींत नित्याचे होते. सज्जा, दोरी आणि हाक एवढ्यावर चालणारी ती घरपोच सेवाच होती. फरक इतकाच की, हाक मारणाऱ्याला आणि हाक ऐकणाऱ्याला एकमेकांचा चेहरा दिसत होता.

४

येथे क्षणभर दिल्लीबाहेर पाहावे लागेल. कारण बाजाराच्या इमारतीला चेहरा असावा की नाही, आणि असल्यास तो कोणाच्या पैशाने असावा, हा वाद महाराष्ट्रात शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पुरे झाले. त्याच्या दारांवर लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेली शिल्पे आहेत आणि त्यांत शेतात व बाजारात राबणारी माणसे कोरलेली आहेत. आत जाणाऱ्याने वस्तूंकडे पाहण्याआधी त्या माणसांखालून जावे, अशी ती योजना. पुण्यात १८८६ मध्ये रे मार्केट उभे राहिले. त्यापूर्वी पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी मंडईच्या या खर्चिक इमारतीला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले आणि मुंबईच्या मार्केटलाही. हा विरोधाभास आपण सहसा गमतीने सांगतो. त्यातील प्रश्न मात्र गमतीचा नाही. समाजाने आपली संपत्ती इच्छेच्या मंदिरावर किती खर्चावी, हे विचारणारा आवाज आपल्या परंपरेत होता, एवढे त्यावरून कळते.

युरोपात याच सुमारास इच्छेसाठी वेगळी वास्तू घडत होती. पॅरिसचे बाँ मार्शे हे वस्तुभांडार १८५२ पासून वाढत गेले. ठरलेली किंमत, मोकळा प्रवेश आणि काचेआडची मांडणी यांनी खरेदीचे रूपांतर पाहण्याच्या सुखात केले. एमिल झोला यांनी १८८३ मध्ये अशाच एका भांडारावर कादंबरी लिहिली. येथे इमारत इच्छेला उत्तर देत नाही, ती इच्छा उत्पन्न करते, हे त्या कादंबरीकाराने ओळखले होते. अमेरिकेत १९५६ मध्ये व्हिक्टर ग्रुएन यांनी साउथडेल येथे पहिला बंदिस्त मॉल बांधला. मोटारींनी विस्कटलेल्या उपनगराला पुन्हा एक चौक मिळावा, ही त्यांची अपेक्षा होती. उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या या अपत्याशी असलेले नाते नाकारले.

दिल्लीत १९९९ मध्ये अन्सल प्लाझा उघडला आणि त्यानंतर मॉलचे पेव फुटले. मयूर विहार फेज-एकच्या जिल्हा केंद्रात ‘स्टार सिटी’ आला. २००१ मध्ये डीएनडी उड्डाणमार्गाने ही वसाहत दक्षिण दिल्लीला आणि नोएडाला अधिक जवळची झाली. १२ नोव्हेंबर २००९ पासून मेट्रो येथून नोएडाकडे धावू लागली. पाच लाख वस्तीसाठी योजलेल्या जिल्हा केंद्राची कल्पना कागदावर तीच राहिली. प्रत्यक्षात गरजांच्या श्रेणीतील सर्वांत वरची पायरी आता वातानुकूलित झाली होती आणि तेथे जाण्यासाठी कोणतीही गरज असावी लागत नव्हती. तरीही मॉलविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्रिलोकपुरीतील मुलगा रखवालदाराच्या नजरेला नजर न देता का होईना, त्या काचेसमोर उभा राहू शकत होता. इच्छेची इमारत अजून दिसत होती.

५

यानंतरचा टप्पा असा की, त्यात इमारतच दिसेनाशी झाली. २०१३ मध्ये दिल्ली परिसरात सुरू झालेल्या ग्रोफर्स या कंपनीने २०२१ मध्ये दहा मिनिटांत सामान पोचवण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षअखेरीस ब्लिंकिट हे नाव घेतले. २०२२ मध्ये झोमॅटोने ती विकत घेतली. स्विगीचे इन्स्टामार्ट २०२० मध्ये सुरू झाले होते आणि मुंबईत जन्मलेले झेप्टो २०२१ मध्ये. या स्पर्धेने एक नवा वास्तुप्रकार आणला. व्यवसायाच्या भाषेत त्याला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. दुकान आहे, पण गिऱ्हाइकाला दार नाही.

हे भांडार सामान्यतः काही हजार चौरस फुटांचे असते आणि दोन-तीन किलोमीटरांच्या परिघातील घरांना सामान पुरवते. वस्तीच्या कडेचा तळमजला, एखादे बंद पडलेले दुकान, गावठाणातील अरुंद रस्त्यावरची इमारत अशा ठिकाणी ते थाटले जाते. काचा असल्या तर त्यांवर आतून आवरण असते. आत फडताळांच्या ओळी असतात आणि वस्तूंची मांडणी पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी केलेली नसते. ज्या वस्तूला मागणी अधिक, ती बांधणीच्या टेबलाजवळ. जिला कमी, ती दूर. साबण आणि बिस्किटे शेजारी येतात ती त्यांच्या नात्यामुळे नव्हे, तर वेचणाऱ्याची पावले वाचावीत म्हणून. वाण्याच्या दुकानात वस्तू माणसाला दिसाव्यात म्हणून मांडलेल्या असतात; येथे ते काम मोबाइलच्या पडद्याकडे गेले आहे. मॉलने इच्छेला जो दर्शनी भाग दिला होता, तो तळहातावर मावेल एवढा झाला, आणि शहराच्या वाट्याला इमारतीची पाठ आली.

कोठाराला चेहरा असू शकत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आहे. कोकणातील आचरे गावी १९१६ मध्ये जन्मलेले आणि दिल्लीत व्यवसाय केलेले वास्तुशिल्पी अच्युत कानविंदे यांनी सत्तरीच्या दशकात मेहसाणा येथे दूधसागर डेअरी बांधली. दुधावर प्रक्रिया करणारा तो एक कारखानाच. परंतु हवा खेळती ठेवणाऱ्या उंच झडपांच्या मनोऱ्यांनी त्याला असे रूप दिले आहे की, आत काय चालते याचा अभिमान बाहेरून वाचता यावा. वस्तू ज्यांच्या हातांतून जाते त्या हातांचा मान इमारत ठेवू शकते. प्रश्न तसे करण्याच्या इच्छेचा असतो.

नव्या खरेदीने घराचीही रचना बदलली. साठवण्याची खोली नव्या सदनिकांच्या नकाशांतून हळूहळू गळाली. दिल्लीकर जिला दुछत्ती म्हणतात ती पोटमाळ्याची जागा शोभेच्या छताखाली झाकली गेली. सज्जे काचांनी बंद झाले आणि टोपलीची दोरी राहिली नाही. दोन-तीन किलोमीटरांवरचे भांडार हीच आता घराची कोठी आहे. आपण ‘किराणा भरतो’ असे म्हणत होतो. आता ‘मागवतो’ म्हणतो. क्रियापद बदलले, की घर बदलल्याचे समजावे. उलट सहकारी संस्थेचे फाटक मात्र मोठे झाले. जेथे पूर्वी एक वही आणि एक रखवालदार होता तेथे मोबाइलवरून परवानगी, छायाचित्र आणि संकेतांक आले. वाड्याच्या दिंडी दरवाजाने जेवढी चौकशी केली नसेल तेवढी चौकशी करून एक पाकीट दही आत सोडले जाते.

आणि त्या फाटकापाशी जो उभा असतो त्याला या साऱ्या रचनेत जागा नाही. भांडाराबाहेरच्या पदपथावर तो आपल्या दुचाकीवरच बसतो. सावली झाडाची, पाणी कोणाच्या तरी उपकाराचे, आणि स्वच्छतागृहाचे नाव काढू नये. पुष्कळ ठिकाणी संस्थेची मुख्य लिफ्ट त्याला वर्ज्य असते. वाड्याच्या ओट्याखालची पायरी पुन्हा आली आहे. तिला आता जातीचे नाव नाही, एवढेच. इच्छा आणि पूर्ती यांच्यातील अंतर मिटले, असे ज्यांना वाटते त्यांनी ते अंतर जूनच्या उन्हात कापणाऱ्या या माणसाकडे पाहावे. अंतर जागच्या जागीच आहे. चालणारी पावले फक्त बदलली.

एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली परिसरातील या कामगारांनी मोबदल्याच्या प्रश्नावर संप केला. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिने अशा कामगाराला कायद्याच्या भाषेत प्रथमच नाव दिले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पुन्हा संप झाले आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारच्या आग्रहानंतर ‘दहा मिनिटे’ हे शब्द जाहिरातींतून मागे घेतले जाऊ लागले. शब्द मागे घेता येतात. ज्या हिशेबाने भांडारांच्या जागा निवडल्या गेल्या, तो हिशेब विटांमध्ये बसलेला आहे.

६

या सेवेने जे दिले ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा घरपोच सामान ही चैन राहिली नव्हती. मयूर विहारच्या पहिल्या रहिवाशांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मुले परगावी किंवा परदेशी, इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघे साथ देत नाहीत, अशा घरी येणारे औषध आणि दूध यांचे मोल त्या घरालाच ठाऊक. मराठी घराला हवे ते कोकम आणि जाड पोहे ट्रंकेची वाट न पाहता मिळतात, हेही खरे. पूर्वीच्या व्यवस्थेत ज्यांचा वेळ रांगेत आणि पाखडण्यात गेला त्या बायकांनी हा वेळ परत मागितला, तर त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणावे?

म्हणून प्रश्न घरपोच येण्याचा नाही. ते कोणत्या नात्याने येते याचा आहे. या बाबतीत मराठी समाजाकडे स्वतःचा एक प्रयोग आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सभासद कुटुंबांचे गट बांधले. महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक घ्यायचा, तो गटातील एका घरी उतरवायचा आणि सभासदांनी मिळून वाटून घ्यायचा, अशी ती पद्धत. बिंदुमाधव जोशी आणि सुधीर फडके यांच्यासारखी माणसे त्यामागे होती. तेथेही सामान बाजारात न जाता मिळत होते. पण त्यासाठी एका दिवाणखान्याची महिन्यातून एकदा पेठ होत असे, आणि शेजाऱ्याला किती साखर लागते हे शेजाऱ्याला कळत असे. इच्छा महिनाभर थांबू शकते आणि थांबल्याने तिचे काही बिघडत नाही, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष आजही विचारात घेण्यासारखा आहे.

थांबण्याला किंमत का द्यावी, याचे उत्तर मयूर विहारपासून जवळच उभे आहे. गाझीपूर येथे १९८४ पासून दिल्लीचा कचरा टाकला जात आहे. २००२ मध्येच त्या जागेची क्षमता संपली. कचरा पुढेही पडत राहिला आणि २०१९ च्या सुमारास त्या ढिगाची उंची पासष्ट मीटरांपर्यंत पोचली. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचा कडा कोसळून दोन माणसे मृत्यू पावली. पुढे तो ढीग उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. फेज-तीनच्या गच्च्यांवरून दिसणारी ही टेकडी कोणत्याही वास्तुशिल्पीने आखली नाही, पण या भागातील उपभोगाचे सर्वांत उंच स्मारक तीच आहे. प्रत्येक दहा मिनिटांना एक पिशवी असते आणि प्रत्येक पिशवीला एक शेवट असतो. दुसऱ्या बाजूला, चिल्ला खादरात, नदीकाठच्या जमिनीत भाजी पिकते आणि रस्त्याच्या कडेला विकली जाते. सर्वांत जवळची भाजी कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. सर्वांत जवळचा कचराही दिसत नाही. दोन्हींच्या मध्ये आपण राहतो.

पटपडगंजच्या कोठारापासून निघालेला हा इतिहास अखेर एका कोठारापाशीच येऊन पोचला आहे. मधल्या दोन शतकांत कोठाराला आपण दुकान केले, दुकानाला मंडईचा चेहरा दिला, मंडईला आराखड्यात बसवले, तिची काचेची आरास केली आणि शेवटी तिच्या खिडक्या बुजवल्या. हाट पुसून हट्ट उरावा, असा काही नियतीचा नियम नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याची जागा आराखड्याला मान्य करावयास लावली, हे विसरता कामा नये. जी जागा आधी कोणी दिली नव्हती ती मागितल्यावर कागदावर आली. भांडाराला रस्त्याकडे पाहणारी एक खिडकी आणि एक ओटा असावा, फाटकापाशी सावली असावी, लिफ्ट सर्वांची असावी, या मागण्या त्यापेक्षा मोठ्या नाहीत. १९९० च्या आराखड्याने पाच हजार माणसांमागे दुकानांचा एक समूह असा हिशेब मांडला होता. त्या माणसांसाठी धावणाऱ्या किती जणांमागे एक बाक, एक नळ आणि एक स्वच्छतागृह, हा हिशेब अजून मांडायचा आहे.